मामीचं कपाट

मामीनं कपाट घेतलंय ही बातमी मला मामांनी दिली, आणि तीही मोठ्या खुशीत. मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहते आणि घरीच पडदे शिवते. मामा माझ्याकडे मापाची टेप मागायला आले होते.

"ऑफिसातलं जुनं कपाट मिळालं म्हणे तिला. लोखंडी आहे, पुरुषभर उंच. दारातून आत येईल ना, एवढं बघून दे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "माझे कोट किती वर्षं खुर्चीच्या पाठीवर लटकताहेत. त्यांना एकदाची हक्काची जागा होईल."

मी दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं, आणि दारातून येईल पण जिन्यातून येणार नाही असं सांगितलं. मामांनी तरीही वर जाऊन तिन्ही कोट झटकले आणि पलंगावर ओळीनं मांडून ठेवले.

मामी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या मशीन रूममध्ये नोकरीला होती. लागली तेव्हा काम एवढंच होतं: किल्ली सांभाळायची आणि आत येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं. पण खिडकी नसलेल्या खोलीत गुरगुरणाऱ्या कपाटासमोर दिवसाचे आठ तास बसलं, की माणूस एक तर नोकरी सोडतो, नाही तर कपाटाशी ओळख करून घेतो. मामीनं ओळख करून घेतली. दुरुस्तीला इंजिनियर आला की ती त्याच्या मागे उभी राहायची, हे काय, ते कशाला, असं विचारून त्याला भंडावून सोडायची आणि सगळं लिहून ठेवायची. दहाव्या वर्षी अशी वेळ आली, की काय बिघडलंय हे इंजिनियर येण्याआधी तीच सांगायची. हुद्दा मात्र शेवटपर्यंत किल्लीवालीचाच राहिला.

त्या कपाटात अर्थातच कपडे ठेवत नसत. कंपनीचे सगळे दस्तऐवज ज्या डिस्कवर साठवलेले असतात, त्या डिस्कचं ते कपाट होतं. चार खण, दर खणात पंधरा डिस्क, पुस्तकासारख्या उभ्या, आणि मागे हेअर ड्रायरसारखे वारा फेकणारे पंखे. मामीच्या निवृत्तीच्या वर्षीच कंपनीनं नवीन यंत्रणा घेतली आणि जुनं कपाट भंगारात काढलं. लिलावाला दोनच माणसं आली: एक भंगारवाला आणि एक मामी. भंगारवाल्याला वाटलं, बाई ऑफिसच्याच आहेत, वजनाची पावती लिहायला बसल्या असतील. मामीनं बोली लावली तेव्हा तो हसला. तिनं दुसरी लावली तेव्हा त्यानं हसणं थांबवलं.

"बाई, यात लोखंड किती, तांबं किती, मला माहीत आहे. याच्या वर बोली जाऊच शकत नाही."

"लोखंड-तांब्याचं तुम्हाला माहीत. बाकीचं मला माहीत."

कपाट मामीला मिळालं. आणि ते घरी आणायला हातगाडी लागणार म्हणून तिनं बोलावलं कुणाला, तर त्याच भंगारवाल्याला. त्यानं कपाट जिन्यापाशी उभं केलं, डोकं खाजवलं. मामीनं तिथंच जमिनीवर चादर पसरली, एकेक डिस्क काढली, तिच्यावर पेन्सिलीनं नंबर घातला, मग खण काढले, पंखे काढले. रिकामा सांगाडा आडवा करून चौघांनी वर नेला. मामा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. सांगाड्याकडे बघून ते म्हणाले, "याला दार कुठंय?"

"जाळीचं आहे. वारा खेळायला हवा ना."

"आणि कोट टांगायची दांडी?"

मामी खणांचे स्क्रू शोधायला लागली. मामांनी तिन्ही कोट उचलून परत खुर्चीच्या पाठीवर घातले. मामा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले; न बोलता जागा बदलणं त्यांना चांगलं जमत असे.

कपाट सुरू झालं तो दिवस मला स्पष्ट आठवतो, कारण माझ्या छतातून विमान उडायच्या तयारीत असल्यासारखा आवाज यायला लागला, आणि ते विमान काही उडेना. मी वर धावले. मामी कपाटापुढे स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकत होती. मामा दाराशी कानात बोटं घालून उभे होते. सगळे खण एकदम चालू केले की घरातले दिवे मंद व्हायचे, म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळी लाइन ओढून घ्यावी लागली. त्यानं विचारलं, "गिरणी टाकताय का?"

पहिल्या आठवड्यात मामांची दुपारची झोप गेली. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की कपाटाच्या मागच्या गरम वाऱ्यात मोजे वीस मिनिटांत वाळतात. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचा विरोध मावळला. ते नद्यांवर एक मोठं पुस्तक लिहीत होते, बारा वर्षं झाली तरी पुरं न झालेलं. एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "यात माझं पुस्तक राहील का गं?" मामी म्हणाली, "तुमच्या नद्याच काय, समुद्रसुद्धा राहील." आणि तिनं एक खण त्यांना दिला. दिला म्हणजे, स्वतःच्या टिपणांसोबत त्यांचं पुस्तकही तिसऱ्या खणात ठेवलं.

सगळं स्थिरस्थावर झालंय असं वाटत असतानाच टेलिफोनचा घोळ सुरू झाला. मामीनं सगळ्या वायरी ऑफिसात जशा होत्या तशाच जोडल्या होत्या. त्यात एक टेलिफोनची होती. ती तिनं घरच्या फोनच्या जोडीला लावून टाकली. चार दिवसांनी मामांनी फोन उचलला आणि घाबरून खाली ठेवला.

"आतून कुणीतरी किंचाळतंय."

मामी वहीत काहीतरी लिहीत होती. "राँग नंबर असेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दारावर टाय लावलेला एक माणूस उभा. हातात बॅग, बॅगेत फोममध्ये गुंडाळलेली नवीकोरी डिस्क. कपाट बनवणाऱ्या कंपनीचा तो इंजिनियर होता. आधी विमा कंपनीत जाऊन आला होता; तिथल्या पहारेकऱ्यानं त्याला सांगितलं, की मशीन किल्लीवाल्या बाईंच्या घरी गेलं.

"तुमच्या मशीननं तक्रार केलीय," तो म्हणाला.

"कुणाविरुद्ध?" मामांनी विचारलं.

खुलासा व्हायला चहाचा एक कप लागला. या कपाटांची रीतच अशी, की आत काही दुखलं-खुपलं की ती स्वतःच आपल्या कंपनीला फोन लावतात. विमा कंपनी देखभालीचा करार बंद करायला विसरली होती, त्यामुळे बनवणाऱ्या कंपनीच्या लेखी ते कपाट अजून गिऱ्हाईकच होतं.

मामा कपाटाकडे बघत म्हणाले, "माहेरी फोन करतंय म्हणा की."

मामीचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखं झालं तिला. "करार त्यांचा आहे, माझा नाही," ती म्हणाली. "ही डिस्क मला घेता येणार नाही. परत घेऊन जा." आणि लगेच उठून तिनं फोनची वायर उपटली.

इंजिनियरला पंधरा वर्षांत गिऱ्हाइकानं सुटा भाग परत केल्याचं आठवत नव्हतं. त्यानं बॅग बंद केली. मग म्हणाला, "निदान बघून तरी जातो. तिसऱ्या खणातली अकरा नंबरची डिस्क जाणार, असं मशीन म्हणतंय."

"अकरा नाही, नऊ."

"मॅडम, मशीन अकरा म्हणतंय."

"अकरा नुसती कण्हते. ती अशी चार वर्षं कण्हतेय. नऊ काही बोलत नाही, आणि मधूनच दचकते. जाईल ती नऊ."

इंजिनियर सभ्य होता, हसला नाही. तीन आठवड्यांनी तो रविवारी, टाय न लावता, आपणहून आला. दारातूनच विचारलं, "कुठली गेली?" मामीनं त्याला टेबलावर ठेवलेली नऊ नंबरची दाखवली. अकरा आत कण्हत होती. त्या दिवसापासून तो तिला मॅडम म्हणायचा बंद झाला आणि ताई म्हणू लागला.

मामीचा धंदा सुरू झाला तो या इंजिनियरमुळे. त्याच्या कंपनीनं त्या जातीच्या कपाटांची देखभालच बंद करायचं ठरवलं होतं. गिऱ्हाइकांना सांगायचं, नवीन घ्या. ज्यांची ऐपत होती त्यांनी घेतली. पण गावात एक छोटं हॉस्पिटल होतं, एक छापखाना होता, अशा ठिकाणी जुनं कपाट नीट चालत होतं आणि नवीन घेणं म्हणजे हत्ती दारात बांधणं. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी इंजिनियरला विचारलं, तुम्ही नाही तर मग कोण? तो म्हणाला, "एक बाई आहेत. त्यांना ऐकू येतं."

डॉक्टरीणबाईंनी तंत्रज्ञ म्हणून कुणी तरुण, पाठीला पिशवी लावलेला माणूस येईल अशी अपेक्षा ठेवली होती. आली ती चष्म्याची दोरी गळ्यात असलेली साठीची मामी, हातात रंगाऱ्याचा मऊ ब्रश आणि टॉर्च. आत गेल्यावर तिनं सगळ्यात आधी एअर कंडिशनरच्या जाळीवरची धूळ बोटानं उचलून डॉक्टरीणबाईंना दाखवली. मग म्हणाली, "तो तुमच्या गळ्यातला जरा द्या." आणि स्टेथोस्कोप लावून एकेक डिस्क तपासू लागली. दारात दोन नर्स येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "श्वास घ्या म्हणणार का आता त्या?"

हॉस्पिटलनंतर छापखाना आला, मग जमिनीची मोजणी करणाऱ्यांचं एक ऑफिस आलं. सुटे भाग हवेत म्हणून मामी जुनी कपाटं घेऊ लागली. ती आणून देणारा, तोच भंगारवाला. त्याला आता कळलं होतं, की मोडून विकण्यापेक्षा मामीला सबंध विकण्यात शहाणपण आहे. सुरुवातीला मात्र तो कपाट आणायचा आणि ज्या रुळांवर खण सरकतात ते रूळच मागे सोडून यायचा. "घोडा आणलात आणि खोगीर विसरलात," मामी म्हणायची. तो परत जायचा. दोन वेळा तर नुसत्या चार स्क्रूंसाठी तिनं त्याला परत धाडला.

एकदा त्यानं वीस डिस्क आणल्या आणि छाती फुगवून सांगितलं, की या कधी वापरलेल्याच नाहीत. मी तिथेच होते, मामीच्या खिडकीचा पडदा बदलत होते. मामीनं एक डिस्क आपल्या यंत्रात घातली. डिस्क आपण किती तास चाललो ते स्वतः आत नोंदून ठेवते, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

"एक्कावन्न हजार तास," मामीनं वाचलं.

"ताई, ते... तपासायला लावली होती जरा."

"सहा वर्षं तपासत होतात?"

भंगारवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी पडद्याच्या मागे गेले.

"चांगली आहे पण," तो म्हणाला.

"चांगलीच आहे. सहा वर्षं चाललेली डिस्क मला चालते. खोटं बोललेली चालत नाही." तिनं वीसच्या वीस तपासल्या, सात ठेवून घेतल्या. त्या सातही एकाच महिन्यात बनलेल्या निघाल्या, तेव्हा त्यातल्याही पाच परत केल्या. "एका वेळच्या सगळ्या एका कपाटात नकोत. सख्खी भावंडं एकदमच आजारी पडतात."

एका बाबतीत ती फार कडक होती. जुन्या डिस्कवर आधीच्या मालकाचं काही राहिलेलं असलं तर ते उघडून बघायचं नाही, आधी कोरं करायचं. एकदा मामांनी सहज विचारलं, "काय असतं गं त्यात?" ती म्हणाली, "दुसऱ्यांची पत्रं." मामांनी पुन्हा विचारलं नाही. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ती एक वाक्य बजावून सांगायची: कपाट कितीही चांगलं असो, दुसरी प्रत दुसरीकडे ठेवा. हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही.

आता हॉस्पिटलचा तो दिवस. सकाळी दहाला डॉक्टरीणबाईंचा फोन आला, की कपाटावर दोन लाल दिवे लागलेत. मामी ब्रश घेऊन निघालीच.

या कपाटांचं एक गणित आहे, मामीनं मला एकदा समजावून दिलेलं. खणातल्या पंधरा डिस्कनी मिळून एक गोष्ट पाठ केलेली असते. कुठल्याही दोन गैरहजर राहिल्या, तरी उरलेल्या तेरा मिळून ती पूर्ण सांगू शकतात. तिसरी गेली, की गोष्ट गेली. हॉस्पिटलात दोन गेल्या होत्या आणि मामीनं ऐकलं, की तिसरी खोकतेय. शेकडो लोकांच्या हाडांची चित्रं त्या खोकल्यावर टिकून होती. दुसरी प्रत काढायला घेतली होती, पण निम्मीच झाली होती. राखीव म्हणून नेलेल्या दोन डिस्कही आकारात बसेनात. नेमकी जात घरच्या कपाटात होती. मामीनं घरी फोन केला.

वरून मामांचा आवाज मला खाली ऐकू यायला लागला. मामा कधी मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून मी वर गेले.

"तिसरा खण, हो, वरून तिसरा," मामा फोनवर म्हणत होते. "नंबर तीन आणि नंबर आठ. डावीकडून. कळ दाबायची, थोडं ओढायचं, फिरायचं थांबेपर्यंत मिनिटभर थांबायचं, मग काढायची. दोनच. समजलं. मी काय लहान आहे का?"

मामांनी त्या कपाटाला वाळत घातलेल्या मोज्यांपलीकडे कधी हात लावला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवून मोजलं: एक, दोन, तीन. कळ दाबली, मिनिट मोजलं, डिस्क काढली. मग आठवी. दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळले, आणि मी म्हटलं, "मामा, हिच्यावर तर दोन लिहिलंय."

पेन्सिलीनं, मामीच्या अक्षरात, दोन. दुसरीवर सात.

"तिसरीच तर काढली मी," मामा म्हणाले.

आम्ही दोघं खणाकडे बघत राहिलो. पहिल्या डिस्कवर शून्य लिहिलेलं होतं.

"शून्यापासून कोण मोजतं?" मामा चिडले.

"माझी टेप," मी म्हटलं. "आणि तुमचे अक्षांश-रेखांश."

भूगोलाच्या माणसाला हे फार लागलं. घाईघाईनं ते म्हणाले, "असू दे, आता खऱ्या तीन आणि आठ पण काढतो. चारही घेऊन जाऊ. जास्त झाल्या तर परत आणू." मलाही ते अगदी शहाणपणाचं वाटलं. मी मान डोलावली, हे कबूल करायलाच हवं. त्यांनी तीन नंबरची ओढली आणि त्या खणाचे सगळे दिवे एकदम पिवळे झाले. कपाटानं एक लांब शिट्टी मारली.

"रागावलं," मामा म्हणाले आणि आठ नंबरची काढली.

मी चारही डिस्क अस्तराच्या कापडात गुंडाळल्या. टॅक्सीत मामांनी त्या मांडीवर घेतल्या आणि प्रत्येक खड्ड्याला ते सीटवरून थोडे वर उठत होते, धक्का आपल्याला बसावा, त्यांना बसू नये म्हणून. चालकानं आरशातून विचारलं, "अंडी आहेत का?"

मामीनं तीन आणि आठ घेतल्या, हॉस्पिटलच्या कपाटात बसवल्या. आता त्या खणाला आपली गोष्ट नव्यानं त्यांच्यावर उतरवायची होती, आणि ती खोकणारी डिस्क तोवर टिकायला हवी होती. सात तास लागणार होते. मामीनं खोलीत कुणाला येऊ दिलं नाही. बाहेरच्या बोळातून औषधांच्या ढकलगाड्या जात, त्यांचा हादरा नको म्हणून मामांना तिथं उभं केलं. मामा शाळेतल्या आवाजात म्हणत, "हळू. हळू. पाय उचलून चाला." एका सर्जननंही चुपचाप पाय उचलले. मी स्टुलावर बसून मामीला चहा देत होते आणि ती स्टेथोस्कोप लावून त्या एका डिस्कशी बोलत होती, "थोडंच राहिलंय बाई. धर तग." संध्याकाळी सहाला हिरवे दिवे लागले. डॉक्टरीणबाई मटकन खाली बसल्या आणि मग हसायला लागल्या, आणि त्यांना थांबताच येईना.

तेव्हा कुठं मामीचं लक्ष माझ्या मांडीवरच्या कापडाकडे गेलं.

"या दोन कशाला आणल्या?"

मामांनी सांगितलं. शून्याचंही सांगितलं. शिट्टीचंही. मामीनं डिस्कवरचे नंबर वाचले. तोंडातल्या तोंडात दोन, तीन, सात, आठ असं पुटपुटली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, चार काढल्यात? त्या खणात तुमचं पुस्तक होतं."

"हो का," मामा म्हणाले.

"दुसरी प्रत?" मी विचारलं. मामीनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मांडीवरचं कापड नीट करू लागले. जगाला दुसऱ्या प्रतीचा उपदेश करणाऱ्या मामीच्या स्वतःच्या घरात दुसरी प्रत नव्हती. तिची बावीस वर्षांची टिपणं आणि मामांच्या बारा वर्षांच्या नद्या, सगळं त्या एका खणात.

पुढचे तीन दिवस मामी आणि इंजिनियर कपाटापुढे बसून होते. दोन आणि सात परत घातल्या, म्हणजे गैरहजर दोनच राहिल्या. हिशेबानं गोष्ट सांगता यायला हवी. पण कपाट ऐकायला तयार नव्हतं. निघून गेलेल्यांना मी परत घरात घेणार नाही, असा त्याचा हट्ट. मामी जेवायची नाही धड. मधेच मामांकडे वळून म्हणायची, "तो उगमांचा भाग किती सुंदर झाला होता हो." मामा मान खाली घालून "हं" म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी मामा माझ्याकडे आले, दार लावून घेतलं.

"तुला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "माझ्या वह्या आहेत. मी आधी हातानं लिहितो, मग टाइप करतो. सगळं पुस्तक पलंगाखालच्या पेटीत आहे."

"मग सांगा ना मामीला!"

मामा खिडकीकडे बघत उभे राहिले. "सांगणार होतो गं. पण बारा वर्षांत त्या पुस्तकाची कुणी इतकी काळजी केली नव्हती."

मी त्यांना चहा दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कपाटाचा हट्ट सुटला. टिपणं आली, नद्या आल्या, शेवटच्या ओळीपर्यंत. मामीनं डोळे पुसले आणि मामांना हाक मारली. मामांना राहवलं नाही. त्यांनी पेटी ओढून वह्या तिच्यापुढे मांडल्या. मामीनं एक वही चाळली, मग दुसरी. इंजिनियर आपली बॅग आवरायला लागला.

"दुसरी प्रत ठेवलीत हे उत्तम केलंत," मामी शांतपणे म्हणाली. "पण प्रत आहे हे ज्याला सांगितलं नाही, त्याच्या दृष्टीनं ती प्रत नाही. ती लपवाछपवी आहे." आणि दोन दिवस ती मामांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र वह्यांच्या पेटीसाठी तिनं माझ्याकडे येऊन खाली जागा मागितली. दुसरी प्रत दुसरीकडे हवी ना.

त्याला आता सहा वर्षं झाली. मामीनं तळमजल्यावर एक गाळा भाड्यानं घेतलाय, तिथं तीन कपाटं गुरगुरतात. इंजिनियरनं नोकरी सोडली आणि तो तिच्याबरोबर काम करतो. टाय त्यानं वायरी बांधायला वापरून संपवले. मामांचं पुस्तक त्या छापखान्यानंच छापलं, चांगलं जाडजूड. भंगारवाला हल्ली डिस्क आणतो तेव्हा तास स्वतःच सांगतो, कधी कधी दोनशे जास्तच.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलनं मामीला विनंती केली, की तुम्हाला दर वेळी बोलवायला लागू नये म्हणून आमच्यापैकी एकाला थोडं शिकवा. मी पडद्यांची मापं घ्यायला त्याच दिवशी तिथं गेले होते, म्हणून बघायला मिळालं. सातजणांना उभं केलं होतं. त्यांना वाटलं होतं, फळ्यावर आकृत्या वगैरे असतील. मामीनं एकेकाला बोलावून कपाटाच्या बाजूला तळहात टेकवायला सांगितला आणि विचारलं, "काय वाटलं?"

एकजण म्हणाला, गरम लागतंय. दुसरा म्हणाला, थरथरतंय. एकानं कुठल्या कंपनीचं आणि कुठल्या सालचं ते सांगितलं. एक म्हणाला, सगळं व्यवस्थित वाटतंय, काही चिंता नाही. शेवटी अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई आल्या, पन्नाशीच्या. त्यांनी हात टेकवला आणि पटकन मागे घेतला.

"मला तर भीती वाटली बाई," त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकांचं काय काय आहे आत, आणि माझा हात असा."

मामी डॉक्टरीणबाईंकडे वळली. "खोलीची किल्ली यांच्याकडे द्या," म्हणाली.